गादीमामाची कोरडी ठणठणीत खेळपट्टी

नारळाच्या करवंटीचा निखारा लाकडाच्या निखाऱ्यापेक्षा जास्त वेळ धगधगतो.

न्यूझीलंडमध्ये खेळपट्टी आणि मैदान एकाच रंगाचे असतात. पाहुण्या फलंदाजाला आधी विचारावं लागतं, "भाऊ, उभं कुठे राहायचं?"

दूध उतू जाताना पूर्वेला सांडलं तर उत्तम. पश्चिमेला सांडलं तरी चालतं. पण सांडायलाच पाहिजे.

मागच्या कसोटीत टीव्हीचा एक समालोचक वेल्लेगोडच्या खेळपट्टीवर उशी घेऊन आडवा झाला, चादर ओढली आणि घोरू लागला. थेट प्रक्षेपणात!

किथुलचा हकुर, म्हणजे ताडगुळाचा काळाभोर खडा, गालात धरावा आणि त्यावरून बिनसाखरेचा चहा प्यावा. त्या वेळी बोलू नये.

सीलवती विहारातून आणलेलं पिरीतचं, म्हणजे भिक्खूंनी पाठ म्हणून मंतरलेलं, पाणी लिंबू-सोड्याच्या रिकाम्या बाटलीत ठेवते. त्या बाटलीचं बूच घट्ट बसतं.

या सगळ्याचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही, अशी हेमपाल मामाची त्या शुक्रवारी सकाळी ठाम समजूत होती.

*

हेमपाल मामा म्हणजे श्रीलंकेतल्या वेल्लेगोडच्या मैदानाचा कर्ताधर्ता. खेळपट्टी त्यानेच करायची, त्यानेच राखायची आणि शिव्याही त्यानेच खायच्या. तोंडावर सगळे त्याला मामा म्हणत. पाठ वळली की गादीमामा! कारण या मैदानावर आजवर झालेली प्रत्येक कसोटी अनिर्णित राहिली होती. दोन्ही संघ यायचे, पाच दिवस शतकं ठोकायचे, जेवणाच्या सुट्टीत मासळीची आमटी आणि भात चापायचे आणि वजन वाढवून परत जायचे. गोलंदाजांच्या आया टीव्ही बंद करून रडायच्या.

शुक्रवारी सकाळी क्रिकेट मंडळाचे विजेकोन साहेब कोलंबोहून आले. पांढरीशुभ्र पँट, डोक्याला भरपूर तेल आणि आवाज लाउडस्पीकरचा. सोबत संघाचा डावखुरा फिरकी गोलंदाज चरुक होता. न्यूझीलंडविरुद्धची कसोटी पुढच्या गुरुवारी सुरू होणार होती.

"मामा," विजेकोन साहेब खेळपट्टीच्या समुद्राकडच्या टोकाला उभे राहून म्हणाले, "ही शेवटची संधी. हाही सामना अनिर्णित राहिला, तर यापुढे वेल्लेगोडला कसोटी नाही!"

"मग मैदानाचं काय करणार साहेब?"

"शाळांची कवायत भरवू!"

कवायत! ज्या गवताच्या पात्यापात्याला मामा ओळखत होता, त्यावर हजार पोरं डावा-उजवा करणार! पण मामा घाबरला की त्याची छाती आपोआप पुढे येते. ती आली. त्याने चहाचा पेला उचलला, हकुराचा खडा गालात सारला आणि सुरू झाला.

"साहेब, ते आपल्याला त्यांच्या घरी बोलावतात तेव्हा पानात काय वाढतात? गवत! ओलं, हिरवंगार, गुडघाभर! आपली पोरं तिथे बेडकासारखी उड्या मारतात. आता ते आपल्या घरी आलेत. मग आपण काय वाढायचं? धूळ! आजपासून या पट्टीवर पाण्याचा एक थेंब पडणार नाही. ऊन, रोलर आणि झाडू, बास! गुरुवारपर्यंत अशी भेगाळेल, अशी भेगाळेल, की चेंडू पडला रे पडला की पेराहेराच्या मिरवणुकीतल्या नर्तकासारखी गिरकी घेईल!"

"मामा, मागच्या खेपेलाही तुम्ही असंच म्हणाला होतात," चरुक पडेल आवाजात म्हणाला. "मी दिवसभर टाकून एक बळी घेतला. तोही संध्याकाळी कळलं की धावबाद होता."

"मागची गोष्ट सोड! या खेपेला माझ्या परवानगीशिवाय इथे मुंगी फिरकणार नाही, मुंगी!"

एवढं बोलून मामाने पेला तोंडाला लावला. चहा बराच उरला होता. गालातला हकुर मात्र नव्हता. बोलण्याच्या भरात गिळला असेल, असं म्हणून त्याने चहा तसाच कडू प्यायला.

मग त्याने मैदानाच्या नळाला कुलूप घातलं आणि किल्ली लुंगीसारख्या सारोंगच्या गाठीत बांधली. रोलर चालवणारा उपसेन हा चाळिशीतला, सुस्त आणि पापभीरू गडी. त्याला बजावलं, "उपसेन, घाम आला तरी पट्टीबाहेर जाऊन पुसायचा!"

उपसेनने मान डोलावली आणि रोलर सुरू केला.

*

पट्टी वाळत होती. मामाचा जीव मात्र टांगणीला लागला होता. शनिवारी दुपारी त्याने भाताला हात लावला नाही. नारळाच्या चटणीचं पोल सांबोल तसंच राहिलं, डाळीचं परिप्पू तसंच राहिलं.

"अहो, दोन घास तरी खा," बायको सीलवती म्हणाली.

"घशाखाली उतरत नाही. माझा सगळा जीव त्या पट्टीत अडकलाय."

हे वाक्य बोलायला नको होतं. पण ते मामाला दुसऱ्या दिवशी कळलं.

*

रविवारी सकाळी ताडपत्री उचलली आणि मामाने किंकाळी फोडली. खेळपट्टीच्या दोन्ही टोकांना एकेक ओला गोल. चांगला भाकरीएवढा!

"उपसेन!"

"काय मामा?"

"हे काय आहे?"

उपसेन वाकला, बोट लावलं, बोट चाटलं. "पाणी आहे मामा."

"ते मलाही दिसतंय! ओतलं कुणी? नळाला कुलूप, किल्ली माझ्या गाठीत. माझ्याशिवाय ताडपत्रीला हात लावतो कोण? तू!"

उपसेनचा चेहरा पडला. बावीस वर्षं त्याने मामाच्या हाताखाली रोलर चालवला होता. झोपेत चालवला असेल, पण इमानाने चालवला होता. त्याच्या डोळ्यांत पाणी तरळलं.

"डोळे पट्टीबाहेर नेऊन पूस!" मामा ओरडला.

उपसेन गेला तो थेट बाजारात. अर्ध्या तासाने नारळ घेऊन आला, तोही सोललेला! वेल्लेगोडमध्ये माणसाच्या हातात असा नारळ आणि डोळ्यांत असा अंगार दिसला, की लोक वाट सोडतात. तो देवापुढे न्याय मागायला निघालेला असतो. पण देवालय दोन मैलांवर आणि अन्याय इथे झालेला. उपसेनने सोपं केलं. रोलर पट्टीवर उभा होताच. त्याच्या लोखंडी पिंपापुढे तो हात जोडून उभा राहिला.

"हे कतरगमच्या देवा! ज्याने या पट्टीवर पाणी ओतलं त्याचं पोट ढोलासारखं फुगू दे! त्याचे दात गळू देत! त्याच्या घरातला भात कायम कच्चा राहू दे!"

"अरे थांब, थांब..." मामा पळत सुटला.

फाट्! नारळ रोलरवर फुटला. पाणी लोखंडावरून ओघळत खाली आलं आणि पट्टीच्या मधोमध पसरलं.

दोघेही ते पट्टीत मुरताना बघत राहिले.

"आता मन हलकं झालं मामा," उपसेन म्हणाला.

*

दुपारी मामाने घरी येऊन हा प्रकार सांगितला. सीलवतीच्या हातातली पळी खाली पडली.

"शाप दिला? कुणाला?"

"ज्याने पाणी ओतलं त्याला."

"पोट फुगू दे म्हणाला?"

"ढोलासारखं. दात पण गळणार."

"आणि भात?"

"कच्चा राहणार. पण तू का घाबरतेस?"

सीलवतीने चुलीवरच्या भाताचं झाकण उचललं, एक शीत चिमटीत दाबून पाहिलं आणि मटकन खाली बसली. "कच्चा आहे हो!"

"सीलवती?"

"तुम्हीच म्हणालात ना, माझा जीव पट्टीत अडकलाय म्हणून! मग मी मोठ्या भंतेंकडे गेले. रात्रभर पिरीत झालेलं पाणी होतं. भंते म्हणाले, थेंबभर शिंपड. मी म्हटलं कसोटी सामना आहे, थेंबाने काय होणार? अख्खी बाटली ओतली. दोन्ही टोकांना सारखी, म्हणजे कुठलाही देव रागवायला नको!"

"किल्ली माझ्याकडे होती!"

"बाटली माझ्याकडे होती ना!"

मामा कपाळाला हात लावून बसला. बायकोवर ओरडायचं तर होतं. पण जिने आपल्यासाठी पहाटे उठून विहारात रांग लावली, तिच्यावर ओरडायचं तरी कोणत्या तोंडाने? सीलवतीचं तर सगळं लक्ष स्वतःच्या तोंडाकडे होतं. ती एकेक दात हलवून बघत होती.

"शाप उतरवायला हवा," ती म्हणाली. "त्याच जागी पुन्हा पिरीतचं पाणी..."

"नाही!"

*

सोमवारी सकाळी टोकांना दोन नवे ओले गोल होते. आधीच्यापेक्षा मोठे. आणि पट्टीवर उपसेन दोन नारळ घेऊन उभा होता.

"हे काय आता?"

"मामा, काल सीलवती अक्का घरी येऊन रडली. मला काय माहीत अक्का आहे म्हणून? मी तिच्या हातचं जेवलोय! शाप मागे घ्यायलाच हवा."

"मग मागे घे ना! तोंडाने घे!"

"तोंडाने दिला असता तर तोंडाने घेतला असता. नारळाने दिलाय." उपसेनने समजुतीच्या सुरात सांगितलं, "द्यायला एक लागतो. मागे घ्यायला दोन."

फाट्! फाट्!

*

मंगळवार. आता पट्टी वाळवायची कशी? ऊन होतं, पण मामाला घाई होती. तेव्हा त्याला मैदानासमोरचा लाँड्रीवाला जस्टिन आठवला. जस्टिनच्या इस्त्र्या करवंटीच्या निखाऱ्यांवर चालतात. जड, पितळी, पुढे कोंबडा बसवलेला! त्याने इस्त्री केलेली पँट नवरदेवाने काढून ठेवली तरी उभी राहते, अशी त्याची ख्याती.

"जमेल का रे मल्ली?" मामाने धाकट्या भावाला हाक मारावी तसं विचारलं.

"मामा, मंत्र्याचे कपडे कडक करतो. तुमची पट्टी काय मंत्र्यापेक्षा सैल आहे?"

"हळू हात ठेव. नुसता ओलावा खेचून घ्यायचा."

"तुम्ही चहा पिऊन या. मी बघतो."

मामाने चहा घेतला. बऱ्याच दिवसांनी त्याला तो गोड लागला. येताना लांबूनच दिसलं, जस्टिन गुडघ्यांवर बसून मन लावून इस्त्री फिरवतोय. मागे वाफ उठतेय. वाफ बघून मामाला भरून आलं. ओलावा निघतोय!

मग तो जवळ आला.

जस्टिनने शेजारचा तांब्या उचलला, तोंड भरून घेतलं, गाल फुगवले आणि पट्टीवर...

फुर्रर्रर्र!

"अरे, अरे, अरे! हे काय करतोस!"

"पाणी मारतोय मामा. त्याशिवाय इस्त्री बसते होय? सुरकुत्या राहतात!"

"सुरकुत्या?"

"हो ना! केवढ्या सुरकुत्या पडल्या होत्या तुमच्या पट्टीला! इथून तिथवर नुसत्या भेगा. कुणी लक्षच दिलेलं नाही वाटतं. हे बघा आता!" जस्टिनने अभिमानाने हात फिरवला. "एक तरी दाखवा!"

चार दिवसांच्या उन्हात जपलेल्या, नखाने माती काढून वाढवलेल्या, रोज सकाळी पोटच्या पोरांसारख्या पाहिलेल्या भेगा! एकही उरली नव्हती. अर्धी पट्टी आरशासारखी गुळगुळीत होती आणि तिच्यातून गरम भाकरीचा वास येत होता.

"स्टार्च मारू का?" जस्टिनने विचारलं.

*

बुधवारी विजेकोन साहेबांची गाडी फाटकातून अशी आत आली, की उपसेन रोलरवरून उडी मारून खाली उतरला.

"मामा! गावभर बोलतायत, पट्टीला शाप लागलाय! नारळ फुटले म्हणे!"

"शाप मागे घेतला साहेब."

"म्हणजे होता!"

"एक दिवसच होता."

साहेबांनी तिथल्या तिथे कोलंबोच्या ज्योतिषाला फोन लावला. बराच वेळ "हो... हो... पूर्वेला... हो" चाललं होतं. मामा देवाची प्रार्थना करत होता, पण मनातल्या मनात. उघड प्रार्थना केली की काहीतरी ओतावं लागतं, हे त्याला आता कळून चुकलं होतं.

"दूध उतू घालायचं," साहेब फोन बंद करून म्हणाले. "नव्या घरात घालतात तसं. अकराचा मुहूर्त आहे. मैदानाच्या काळजावर!"

"साहेब, काळीज म्हणजे तर..."

"पट्टी. बरोबर."

मामाने हात जोडले, गयावया केली, शेवटी पाय धरण्यापर्यंत मजल गेली. तेव्हा साहेब एवढ्यावर आले, की चूल पट्टीवर नको, पॅव्हेलियनकडच्या टोकाला यष्टींच्या मागे मांडू. तीन विटा आल्या, नवं कोरं मडकं आलं, दूध आलं. साहेब पॅव्हेलियनमध्ये जाऊन पांढरा सारोंग नेसून आले. सीलवती आली, जस्टिन आला. सरावाला आलेल्या न्यूझीलंड संघाचा व्यवस्थापक पार्किन, उंच, लालबुंद आणि अतिशय सभ्य, त्यालाही अगत्याने बोलावलं.

"मी काय करायचं?" त्याने विचारलं.

"आनंद माना!" साहेब म्हणाले.

चूल पेटली. उपसेनने नारळाची सोडणं सारली. दूध हललं, फुगलं, कडेपर्यंत आलं. सगळे श्वास रोखून उभे. एक बुडबुडा, दुसरा... आणि दूध उतू गेलं! चारी बाजूंनी!

"साधु! साधु! साधु!"

पार्किनलाही उत्साह आला. त्याने टाळ्या वाजवल्या, एक पाऊल पुढे टाकलं, सभ्यपणे वाकून नमस्कार केला आणि त्याच्या बुटाचं टोक विटेला लागलं.

मडकं कलंडलं. दूध यष्टींमधून वाट काढत पट्टीवर धावलं. जणू धाव घ्यायलाच निघालंय!

पार्किनचा चेहरा दुधासारखा पांढरा.

"पूर्वेला!" विजेकोन साहेब गरजले. "पूर्वेला सांडलं! तेही पाहुण्याच्या पायाने! याहून मोठा शकुन नाही!"

सगळ्यांनी पार्किनच्या पाठीवर थापा मारल्या. फक्त मामा गुडघ्यांवर बसून सारोंगच्या टोकाने दूध टिपत होता आणि हुंदके देत होता.

"ते का रडतायत?" पार्किनने हळूच विचारलं.

"भाविक माणूस आहे," साहेब म्हणाले. "फार भाविक."

*

गुरुवार सकाळ. थेट प्रक्षेपण. तोच समालोचक, बगलेत तीच उशी.

"नमस्कार, आपण वेल्लेगोडला आहोत. माझी उशी तयार आहे आणि... एक मिनिट. एक मिनिट! ही पट्टी कुठे आहे? मला कुणीतरी पट्टी दाखवेल का? प्रेक्षकहो, आज उशीचं काम नाही. आज विळा आणा!"

पिरीतचं पाणी, तीन नारळांचं पाणी, वाफ आणि वर सायीचं दूध! असं पोषण वेल्लेगोडच्या एकाही बाळंतिणीला मिळालं नसेल. पट्टी हिरवीगार होऊन तरारली होती. मामाने पहाटे गवत कापायचं यंत्र फिरवलं. वरचं गेलं, खालचं हसत राहिलं.

न्यूझीलंडच्या कप्तानाने गवतावर हात फिरवला. "बाबांचं शेत आठवलं," तो म्हणाला. नाणेफेक त्यानेच जिंकली. अर्थातच!

श्रीलंका, पहिला डाव: सर्वबाद ८८.

आपली पोरं आपल्याच घरात बेडकासारख्या उड्या मारत होती. जेवणाच्या सुट्टीत विजेकोन साहेब मामाजवळून गेले आणि न थांबता एवढंच म्हणाले, "डावा. उजवा. डावा. उजवा."

मामा साइटस्क्रीनच्या मागे जाऊन बसला. त्याच्या डोळ्यांपुढे हजार पोरं पाय आपटत होती. सीलवतीने डबा उघडला. भात मऊ शिजलेला होता.

"दात सगळे आहेत," तिने सांगितलं. "एक घास घ्या."

*

पण ऊन कुणाचं ऐकत नाही. ते दुपारी पट्टीवर उतरलं आणि मग जे काही सुरू झालं, ते वेल्लेगोडने कधी पाहिलं नव्हतं.

जिथे जस्टिनने इस्त्री फिरवली होती तिथे पट्टी फरशीसारखी टणक. चेंडू पडला की फलंदाजाच्या नाकाजवळून! जिथे नारळाचं पाणी मुरलं होतं तिथे ती स्पंजासारखी. चेंडू पडला की विचार करून उठायचा. दुधाची साय वाळून तिचे पापुद्रे सुटले होते, त्यावर पडलेला चेंडू कुठे जाईल हे चेंडूलाही माहीत नव्हतं. चरुकने आयुष्यात पहिल्यांदा एका डावात पाच बळी घेतले आणि आईला फोन केला, "टीव्ही लाव!"

न्यूझीलंड, पहिला डाव: सर्वबाद २०३.

श्रीलंका, दुसरा डाव: सर्वबाद २५५. यातले निम्मे फलंदाज डोळे मिटून खेळले. उघडे ठेवणारे लवकर बाद झाले.

चौथ्या दिवशी न्यूझीलंडला जिंकायला १४१ धावा हव्या होत्या. अनिर्णित राहण्याचा प्रश्नच उरला नव्हता. पण हरलो तर काय? हरण्यालाही कवायतच, हे साहेबांनी डोळ्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

त्या सकाळी पट्टी झाडताना मामाला मुंग्यांची एक बारीक, लाल रांग दिसली. दुधाला लागल्या असतील, असं म्हणून त्याने ती झाडली. दूध पॅव्हेलियनकडच्या टोकाला सांडलं होतं आणि मुंग्या समुद्राकडच्या टोकाला चालल्या होत्या. पण चौथ्या दिवशी सकाळी मुंग्यांना पत्ता कोण विचारतो?

*

शंभरला सहा. एकशे वीसला आठ. एकशे एकोणचाळीसला नऊ!

दोन धावा हव्यात. एक गडी हवाय. मैदानात पापरे बँड एवढ्या जोरात वाजत होता, की समुद्राचा आवाज ऐकू येईना. समुद्राकडच्या टोकाला न्यूझीलंडचा शेवटचा गडी हॉक्सबी उभा. नारळाच्या झाडाएवढा उंच, पाय त्याहून लांब. प्रत्येक चेंडूला तो पाय पुढे टाकायचा, बॅट पायाला चिकटवायचा आणि चेंडू जागच्या जागी मारून टाकायचा. चरुकचे कितीतरी चेंडू त्याने असेच मारले होते. एक गिरकी घेणारा, एक उसळणारा, एक बाहेर जाणारा. सगळे मेले.

सीलवती ओठांतल्या ओठांत पिरीत म्हणत होती. उपसेन काखेत नारळ घेऊन उभा होता. "हा नुसता जवळ असू दे," तो मामाला म्हणाला. मामाने डोळे झाकले आणि बोटांच्या फटीतून बघू लागला.

चरुक आला. चेंडू सुटला. हॉक्सबीचा पाय पुढे, बॅट पुढे, सगळं बरोबर. चेंडू पडला आणि...

गिरकी नाही. उसळी नाही. काहीच नाही. पन्हळीतून सोडलेल्या गोटीसारखा तो जमिनीला चिकटून घरंगळत गेला. हॉक्सबीच्या बॅटखालून, कुणाला त्रास न देता, आणि मधल्या यष्टीला जाऊन टेकला. आधी एक बेल हलली. मग पडली.

एका धावेने!

फटाक्यांच्या माळा लागल्या. पापरेवाले मैदानात घुसले. मामाचा सारोंग सुटता सुटता राहिला. तो एका हाताने गाठ धरून नाचला, दुसऱ्या हाताने उपसेनला कवटाळून नाचला, मग सीलवतीला धरून नाचला. लग्नानंतर पहिल्यांदाच, तेही थेट प्रक्षेपणात! समालोचकाने उशी फोडून कापूस उधळला. कुणीही, एकानेही, गादीमामा म्हटलं नाही.

*

मग सगळे पट्टीवर जमले आणि भांडण सुरू झालं.

"पिरीतच्या पाण्याचा प्रताप!" सीलवती म्हणाली. "बरोबर माझ्या टोकाला पडला चेंडू!"

"अक्का, न्याय नारळाने होतो," उपसेन म्हणाला. "मी तीन फोडले. बळी बघा, शेवटचे तीन चरुकनेच घेतले!"

"आणि चेंडू घरंगळला कशाने?" जस्टिनने विचारलं. "एक सुरकुती ठेवली नव्हती मी! सुरकुती असती तर अडला असता!"

"दूध!" विजेकोन साहेबांचा लाउडस्पीकर लागला. "पूर्वेला सांडलं तेव्हाच मी म्हणालो होतो!"

"खरंतर सांडलं मी," पार्किन सभ्यपणे म्हणाला आणि मग आपण काय बोललो ते कळून आपल्या संघाकडे चोरून बघू लागला.

सामनाधिकारी, चष्मेवाले गंभीर गृहस्थ, पट्टीभोवती दोन फेऱ्या मारून मामाजवळ आले. "मी बरेच देश फिरलोय," ते म्हणाले. "ही पट्टी तुम्ही कशाची केलीत?"

"श्रद्धेची," मामा म्हणाला. दुसरं काही सुचलं नाही. गृहस्थांनी 'असमाधानकारक' असा शेरा दिला आणि जाताना मामाशी दोनदा हात मिळवला.

विजेकोन साहेब हारात बुडाले होते. त्यातून डोकं बाहेर काढून त्यांनी जाहीर केलं, "पुढची कसोटीही वेल्लेगोडलाच! आणि तयारी अगदी अशीच! रविवारी बाटली, मग नारळ, मंगळवारी इस्त्री, बुधवारी दूध. जस्टिन, मोकळा आहेस ना?"

"तुमच्यासाठी नेहमीच साहेब!"

"साहेब," मामाने जरा पुढे होऊन विचारलं, "आणि मी?"

"तुम्ही?" साहेबांनी मामाच्या खांद्यावर प्रेमाने हात ठेवला. "तुम्ही मामा, फार मध्ये मध्ये आला नाहीत. हे विसरणार नाही मी!"

मिरवणूक पॅव्हेलियनकडे गेली. मामा झाडू घेऊन मागे राहिला. समुद्राकडच्या टोकाला, जिथे तो शेवटचा चेंडू पडला होता, तिथे त्याला करंगळीच्या नखाएवढं एक भोक दिसलं. भोकाभोवतीची जमीन आतून पोखरून पोकळ झालेली आणि वर लाल मुंग्यांची गर्दी. एक मुंगी काहीतरी काळसर, चकचकीत ओढत बाहेर येत होती. मामा बराच वेळ वाकून बघत राहिला. मग पापरे पुन्हा सुरू झालं आणि तोही नाचायला गेला.

शुक्रवारी सकाळी हेमपाल मामाच्या तोंडातून उडालेला हकुराचा खडा समुद्राकडच्या टोकाला पडला होता आणि उपसेनचा रोलर त्यावरून दोनदा गेला होता.